वीरगळाचा खालचा टप्पा

महाराष्ट्रात देशावरच्या एखाद्या जुन्या गावात गेलात आणि तिथले महादेवाचे देऊळ यादवकाळातले किंवा त्याच्या आसपासचे असले, तर आवारात, पाराखाली किंवा वेशीच्या आत भिंतीला टेकवलेला एखादा उभा कोरीव दगड बहुधा दिसतोच. कुठे तो कमरेएवढा असतो, कुठे पुरुषभर उंच. त्यावर एकावर एक तीन-चार चौकटी, आत माणसांच्या झिजलेल्या आकृत्या आणि माथ्यावर कलश. गावकरी त्याला 'वीर' म्हणतात, काही ठिकाणी पांडवांचा दगड म्हणतात, तर काही ठिकाणी शेंदराची पुटे चढून त्याचा म्हसोबा झालेला असतो. अभ्यासकांच्या भाषेत तो वीरगळ. कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु, आणि आपल्या तोंडी तोच वीरगळ झाला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, रविवारी आणि सणासुदीच्या सुट्टीत हे दगड पाहत हिंडलो आणि जमेल तसे त्यांच्याविषयी वाचत गेलो. सुरुवातीला मला शिल्पांची ओढ होती. पुढे एक वेगळाच प्रश्न डोक्यात बसला, आणि हा लेख त्या प्रश्नाचा आहे. आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या गावांनी 'वीर' कोणाला म्हटले? काव्यात किंवा दरबारी प्रशस्तीत कोणाला म्हटले ते ठाऊक आहे, कारण ते लिहून ठेवलेले आहे. गावाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वेशीत कोणाचा दगड उभा केला, हे मात्र त्या दगडालाच विचारावे लागते.

वीरगळ खालून वर वाचायचा. अगदी खालच्या चौकटीत मृत्यूचा प्रसंग असतो. ढाल-तलवार घेतलेला वीर, कधी पायी तर कधी घोड्यावर. समोर एक, दोन किंवा चार शत्रू. काही दगडांवर वीर आडवा पडलेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून, कधी विमानात बसवून, वर नेताना दिसतात. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, पलीकडे पूजा करणारा पुजारी. माथ्याजवळ चंद्र आणि सूर्य: ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. प्रदेशानुसार, पंथानुसार आणि गावाच्या ऐपतीनुसार यात फेरफार होतात, पण सांगाडा हाच.

या सांगाड्यात काय नाही, तिकडे लक्ष द्यायला मला बराच वेळ लागला. यात विजय नाही. लढाईचा निकाल काय लागला, गायी परत आल्या की नाही, चोर पळाले की गाव लुटून गेले, यातले काही दगड बहुधा सांगत नाही. जिवंत परत आलेल्या शूराचा वीरगळ नसतो. लढून, जिंकून, म्हातारा होऊन घरी मेलेल्या माणसाला हा दगड मिळत नाही, मग त्याने तरुणपणी कितीही मैदाने मारलेली असोत. पराक्रमाचे मोजमाप करणारी ही पद्धत आजच्या आपल्या सवयीपेक्षा फार वेगळी आहे. आपण आधी निकाल विचारतो. वीरगळ एवढेच विचारतो, की संकट आले तेव्हा हा माणूस कुठे उभा होता.

आता संकट कसले? राज्यांच्या लढाया तर आहेतच, पण खालच्या चौकटीत पुष्कळदा वीराच्या मागे किंवा पायाशी दोन-तीन गायी कोरलेल्या आढळतात. हा गोधनाच्या रक्षणाचा वीरगळ. आज दोन-चार गायींसाठी माणसाने जीव दिला हे ऐकून आपल्याला नवल वाटते. पण दख्खनच्या अवर्षणाच्या पट्ट्यात, जिथे शेती पावसाच्या लहरीवर चालायची, तिथे गुरे म्हणजे नांगर, दूध, खत, वाहतूक आणि संपत्तीचा साठा सगळे एकच. शिवाय ही संपत्ती पायांनी चालणारी. धान्याचे पेव लुटायला गाड्या लागतात. गुरे हाकलून नेता येतात. म्हणून शेजारच्या मुलखावर दबाव आणायचा तर आधी त्याची गुरे वळवायची, हा प्रकार फार जुना आहे. एका गावाचे खिल्लार एका रात्रीत गेले, की पुढच्या वर्षीची पेरणीही गेली. गायींमागे धावलेला माणूस खरे तर येणाऱ्या वर्षामागे धावत होता.

महाभारताचे विराटपर्व हे मुळात अशाच गोग्रहणाचे पर्व आहे. आधी त्रिगर्तांचा सुशर्मा एका बाजूने विराटाच्या गायी नेतो. राजा सैन्य घेऊन त्याच्यामागे जातो, आणि दुसऱ्या बाजूने कौरव येऊन साठ हजार गायी वळवतात. नगरात उरतो तो राजपुत्र उत्तर. गुराख्यांचा प्रमुख धावत येऊन वर्दी देतो, तेव्हा उत्तर अंतःपुरातल्या स्त्रियांपुढे मोठमोठ्या गोष्टी करतो: चांगला सारथी मिळाला तर कौरवांना असे करीन आणि तसे करीन. सारथी मिळतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुनच तो. रथ नगराबाहेर पडतो, समोर भीष्म, द्रोण, कर्ण यांचे सैन्य समुद्रासारखे पसरलेले दिसते, आणि उत्तराच्या अंगावर काटा उभा राहतो. तो रथातून उडी टाकून पळत सुटतो. अर्जुन मागे धावतो, त्याची वेणी आणि लाल वस्त्रे वाऱ्यावर उडतात, ते पाहून कौरवांचे सैनिक हसतात. शंभरएक पावलांवर अर्जुन त्याला केसांना धरून थांबवतो. उत्तर गयावया करतो, सोने देतो म्हणतो, सोड म्हणतो.

कीर्तनकारांनी या प्रसंगावर पिढ्यान्‌पिढ्या लोकांना हसवले आणि बढाईखोराला उत्तराची उपमा रूढ करून टाकली. मला मात्र वाटते की गोष्ट हसण्यावर थांबवली तर तिचा अर्धा भाग हातचा जातो. अर्जुन त्याला भ्याड म्हणून टाकून देत नाही. तुला लढता येत नसेल तर लगाम धर, मी लढतो, असे सांगून त्याला पुन्हा रथावर चढवतो. म्हणजे पळालेल्या माणसाला तो त्याच रणात, त्याच सैन्यासमोर, जमण्यासारखे एक काम देतो. भीती गेलेली नाही, पण हाताला लगाम आले आहेत. आणि पुढचे कोणी सांगत नाही: हाच उत्तर कुरुक्षेत्रावर पहिल्या दिवशी हत्तीवर बसून शल्यावर चालून जातो, त्याच्या रथाचे चारही घोडे मारतो आणि शल्याच्या शक्तीने मरतो. व्यासांच्या गोष्टीत भित्रा आणि शूर अशी माणसांची दोन खाती नाहीत. एकच माणूस एका दिवशी पळतो, दुसऱ्या दिवशी उभा राहतो.

शास्त्रकारांनीही इथे एक बारीक भेद केला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव 'उत्साह' सांगितला आहे. क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव. म्हणजे रागाने बेभान होऊन तुटून पडणारा आणि संकट समजून-उमजून त्यात पाऊल टाकणारा, हे दोघे शास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या रसांचे. दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि पुढे दयावीर असे वीरांचे प्रकार मानले गेले, त्यातही युद्ध हा अनेकांतला एक. आपल्या हल्लीच्या चित्रपटांत आणि भाषणांत वीर आणि रौद्र यांची जी सरमिसळ झालेली दिसते, ती भरताला चालली नसती. वीरगळावरच्या वीराचा चेहराही, जिथे तो झिजायचा राहिला आहे तिथे, क्वचितच उग्र दिसतो. कारागिराच्या कौशल्याची मर्यादा म्हणून हे सोडून देता येईल. मी ते सोडून देत नाही, कारण त्याच कारागिरांनी देवीच्या आणि भैरवाच्या मूर्तींना उग्र चेहरे दिलेले आहेत.

इथपर्यंत चित्र फार गोजिरे झाले: गाव, गायी आणि त्यांच्यासाठी मरणारा माणूस. पण दगडावर लेख नसेल, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर तो नसतो, तर एक अडचण उभी राहते. खालच्या चौकटीत गायी आहेत, त्यांच्याजवळ लढणारा वीर आहे. हा गायी सोडवणारा की पळवणारा? तमिळ देशात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळते, कारण तिकडच्या वीरशिलांवर, ज्यांना ते 'नडुकल' म्हणतात, सहाव्या-सातव्या शतकापासूनचे लेख आहेत. चेंगम भागातल्या अशा शिला प्रसिद्ध आहेत. आणि तिथे दोघांचेही दगड आहेत. गुरे परत आणताना मेलेल्याचा दगड आहे, तसा गुरे पळवायला गेलेल्याचाही आहे. जुन्या तमिळ काव्यशास्त्राने या दोन प्रसंगांना दोन वेगळी नावे दिली, गुरे नेणे ते 'वेट्चि' आणि सोडवणे ते 'करंदै', आणि दोन्हीकडच्या वीरांना मान दिला.

हे वाचल्यावर काही दिवस मला आमच्याकडच्या दगडांकडे पूर्वीसारखे पाहता येईना. दरोडेखोराचे धाडसही धाडसच असते. संकटात न डगमगणे एवढाच निकष लावला, तर पळवणारा आणि सोडवणारा एका पंक्तीला बसतात, आणि त्या काळच्या समाजाने काही ठिकाणी त्यांना बसवलेही. मराठीने निदान शब्दांत भेद ठेवला आहे. धाडस चोरालाही म्हणता येते. शौर्य म्हणताना आपण थोडे थांबतो. आणि 'धीर' हा शब्द तर लढणाऱ्यापेक्षा सोसणाऱ्यासाठी जास्त वापरतो. धीर देणे, धीर धरणे, धीर सुटणे: या तिन्हीत कोणी कोणावर वार करत नाही. माझ्या मते वीरगळांची भाषा या शेवटच्या शब्दाच्या जवळची आहे, पण तमिळ दगडांची आठवण ठेवूनच हे म्हणायचे.

भेदाची ही गोष्ट निघाली म्हणून कर्नाटकातल्या एका शिळेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरची ही शिळा आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. काळ शके ८७२, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाचा मध्य. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ यांची तक्कोलमला मोठी लढाई झाली, तीत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. कृष्णाच्या बाजूने लढलेला गंग राजा बूतुग, आणि बूतुगाचा एक शूर सेवक मणलेर. प्रसन्न झालेल्या बूतुगाने मणलेराला काय हवे ते माग म्हटले. त्याने मागितला 'काळी' नावाचा एक शिकारी कुत्रा. पुढे या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडले गेले आणि झुंजीत दोघेही मेले. मणलेराने आतकूरला देवळासमोर काळीसाठी दगड उभा केला, त्यावर कुत्रा आणि डुक्कर कोरले आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. पूजा न करता त्या जमिनीवर जेवणाऱ्या पुजाऱ्याला कुत्र्याचे पाप लागेल, असेही बजावले.

एकाच दगडावर साम्राज्याची लढाई आणि कुत्र्याचे मरण. इतिहासकारांना या लेखाचे महत्त्व तक्कोलमसाठी वाटते आणि ते योग्यच आहे. पण दगड लढाईसाठी उभारलेला नाही, काळीसाठी उभारलेला आहे. माणसासाठीची तीच रीत, दगड, पूजा, जमीन, कुत्र्याला लावताना मणलेराला काही संकोच वाटला असे लेखातून दिसत नाही. आपल्यापेक्षा मोठ्या जनावरापुढून मागे न फिरणे ही गोष्ट त्याने ओळखली आणि तिला नाव दिले.

महाराष्ट्रात परत यायचे तर मुंबईतच यावे. बोरिवली पश्चिमेला एकसर नावाचे जुने गाव आहे. आता त्या नावाचे मेट्रो स्थानकही झाले. इथे सहा मोठे वीरगळ आहेत, आणि त्यांतल्या काहींवर कोरलेली लढाई समुद्रावरची आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे, त्यांवर दाटीने उभे सैनिक, पाण्यात पडलेले लोक. एकोणिसाव्या शतकातल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने त्यांची सविस्तर नोंद केली. पुढच्या अभ्यासकांनी ही लढाई उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, साधारण १२६५च्या सुमाराची, असा तर्क केला. सोमेश्वराचा शेवट समुद्रात झाला असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सूचित आहे. त्या पराभवाबरोबर शिलाहारांचे राज्य संपले आणि कोकण यादवांकडे गेले.

हेमाद्रीची प्रशस्ती जेत्याची आहे. तीत सोमेश्वराच्या बुडण्यावर कवित्व केलेले आहे, पोहण्यात पटाईत असलेला राजा महादेवाच्या हत्तींच्या मदजलात बुडाला, अशा थाटाचे. एकसरचे दगड शिलाहारांच्या बाजूने पडलेल्यांचे असतील, तर तीच लढाई दुसऱ्या टोकाने सांगणारा तो पुरावा आहे. आणि तो हरलेल्यांचा आहे. राजा गेला, राज्य गेले, नवा अंमल बसला. त्यानंतर कोणीतरी पैसे घालून, पाथरवट बोलावून, पुरुषभराहून उंच दगड घडवून घेतले आणि हरलेल्या लढाईत मेलेल्या माणसांना त्यांवर स्वर्गात पोहोचवले. दरबारी कवीला निकालाशी कर्तव्य होते. दगड उभारणाऱ्यांना नव्हते. मला तरी या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा एकसरचाच वाटतो, आणि तो रिक्षा-मोटारींच्या गर्दीत, लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेजवळ उभा आहे.

एक बाजू अजून सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय वीरगळांचे कौतुक करणे मला प्रामाणिक वाटत नाही. वीरगळाशेजारी पुष्कळदा सतीशिळा असते. कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला एक हात, पंजा वर केलेला. कधी तो वीरगळाच्याच एका बाजूला कोरलेला सापडतो. बांगड्या शाबूत, म्हणजे सौभाग्य शाबूत, असा त्याचा अर्थ. गावात मार्गदर्शन करणारे हौशी लोक सतीच्या हातालाही 'शौर्याचे प्रतीक' म्हणून मोकळे होतात. मी म्हणत नाही. खालच्या चौकटीतल्या माणसाला निदान पळण्याची वाट होती; ती त्याने सोडली म्हणून तो वीर. चितेवर गेलेल्या बाईला कोणती वाट होती, हे दगड सांगत नाही. जिथे निवड होती की नाही हेच कळत नाही, तिथे शौर्य हा शब्द वापरताना जीभ अडखळली पाहिजे. आणि नवऱ्यामागे जी गेली नाही, जिने पोरे वाढवली, कर्ज फेडले, त्याच गायींच्या शेणाने अंगण सारवले, तिचा दगड कुठेच नाही.

तिच्यासाठी काही केले गेले असेल तर ते जमिनीच्या रूपाने. कानडी लेखांत 'नेत्तर गोडगे' म्हणजे रक्ताची देणगी असा शब्द येतो: मेलेल्या वीराच्या कुटुंबाला दिलेली जमीन. तमिळमध्ये 'उदिरप्पट्टी' त्याच अर्थाचा. महाराष्ट्रात हीच चाल पुढच्या काळात कागदावर दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४च्या सुमारास शिवचरित्र लिहिले. त्यात अफझलखानाच्या प्रसंगानंतर झुंजात पडलेल्यांच्या मुलांचे चालवले आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निमे वेतन लावून दिले, अशी हकिगत आहे. पेशवाईतल्या कागदांत 'बालपरवेशी' ही संज्ञा याच कामाची, कामी आलेल्याच्या पोराबाळांच्या निर्वाहाची. शौर्यावर बोलताना ही बाजू आपण हिशेबी म्हणून वगळतो. पण वेशीवर उभे राहणाऱ्याला मागे वळून पाहायची गरज वाटू नये, यासाठी मागच्यांनी काहीतरी करून ठेवलेले असावे लागते. 'मी गेलो तर पोरांचे काय' हा प्रश्न तलवारीच्या भीतीपेक्षा मोठा असतो, हे ज्या राजाला कळले त्याच्याकडे माणसे उभी राहिली.

साधारण चौदाव्या शतकानंतर आपल्याकडे वीरगळ कोरण्याची चाल मंदावत गेली. पुढे छत्र्या आणि समाध्या आल्या, त्या बहुतेक सरदारांच्या आणि राजघराण्यांच्या. लहान माणसाच्या मरणाचा दगड कमी झाला, तो मात्र घरात शिरला. पुष्कळ मराठी घरांच्या देव्हाऱ्यात धातूचे टाक असतात. त्यांत घोड्यावर बसलेला 'वीर' असतो, घराण्यातला कधीतरी अपघाती किंवा लढून मेलेला पूर्वज. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर मिरवणुकीने गोदाघाटावर नेऊन त्यांना स्नान घालतात. त्याच दिवशी 'दाजीबा वीर' निघतो, त्याला बाशिंगे वीर म्हणतात. हळद लागलेला नवरदेव चोरांशी झटापटीत मारला गेला, अशी त्याची कथा सांगतात. म्हणून डोक्याला बाशिंग. नवस फेडणारे लोक आजही त्याच्या दर्शनाला रांग लावतात. त्याच्याही कथेत विजय नाही. चोरांचे पुढे काय झाले, कोणी विचारत नाही.

(पंढरीचा विठ्ठल मुळात गुराखी वीर होता आणि त्याचे नाते वीरगळांशी आहे, असे मत काही विद्वानांनी मांडले आहे, रा. चिं. ढेरे यांच्या १९८४च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या मतमतांतरांचा मोठा ऊहापोह आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे, इथे नुसता निर्देश करून सोडतो.)

मग आजचे काय? चौकात आज जे पुतळे उभे राहतात त्यांत घोडा दोन पायांवर असतो, तलवार उपसलेली असते, चेहऱ्यावर जय असतो. वीरगळाच्या भाषेत सांगायचे तर आपण खालचा टप्पा काढून टाकला. मरणही काढले आणि ज्यासाठी मरण आले त्या गायीही काढल्या. शासनाने मात्र एक वेगळी वाटणी केली आहे. परमवीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, आणि अशोकचक्र, ज्याची स्थापना १९५२ची, शत्रूसमोरच्या रणाव्यतिरिक्त दाखवलेल्या शौर्यासाठी. वीरगळ घडवणाऱ्या पाथरवटाला ही वाटणी कळली नसती. सैन्य, दरोडेखोर, वाघ, काहीही समोर असो, त्याची चौकट एकच होती.

त्या चौकटीत बसणारा आपल्या काळातला एक प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलिसांनी नाकाबंदी केली होती. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. गाडी अडवली गेली, आतल्या दोघांपैकी एक पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला; दुसऱ्याच्या, अजमल कसाबच्या, हातातली रायफल ओंबळे यांनी नळीला धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. तेवढ्या वेळात बाकीच्या पोलिसांनी कसाबला जिवंत धरले. ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. २००९च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले गेले.

या प्रसंगात मला थक्क करते ती कृतीची जात. त्यांनी वार केला नाही, धरून ठेवले. शत्रूला मारण्यापेक्षा त्याचे हत्यार दुसऱ्यांपासून दूर राहावे हा त्यात हेतू, आणि त्यासाठी स्वतःचे शरीर मध्ये. खालच्या चौकटीत पाथरवटाने हे कसे कोरले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो. मागे गायींच्या जागी उरलेली पोलिसांची तुकडी, पुढे एक माणूस, आणि त्याचे दोन्ही हात शत्रूच्या हत्यारावर. ढाल नाही, तलवार नाही.

ओंबळ्यांच्या जावळीला लागूनच वाई तालुका आहे. तिथल्या किकली गावी भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की एकेक पाहता पाहता दिवस मावळतो. एवढी माणसे एका गावात कशी पडली असतील, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर आपोआप पडतो. त्यांतल्या एकाचेही नाव आज कोणाच्या ओठावर नाही.

या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे गाव अजून गावाकडे आहे आणि दिवाळीत बरेच जण तिकडे जातील. म्हणून थोडे कामाचे सांगतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली हे दगड आज देवळाच्या पायरीत जातात, ओट्याच्या सिमेंटमध्ये गाडले जातात, किंवा त्यांना तैलरंग फासला जातो. सिमेंट आणि रंग यांनी झालेले नुकसान पुन्हा भरून येत नाही, म्हणून काम निघण्याआधी गावकऱ्यांशी बोलावे. शेंदूर खरवडू नये. ज्यांचा तो देव आहे त्यांचा तो देव आहे. दगड हलवू नये, कारण तो कुठे उभा आहे, वेशीत की शिवेवर की देवळात, हीसुद्धा माहिती असते. छायाचित्र घ्यायचे तर सकाळी लवकर किंवा सूर्य उतरताना घ्यावे, तिरप्या उन्हात झिजलेल्या रेषा उठून दिसतात. भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो. अंधारात बाजूने विजेरी धरली तरी तोच उपयोग होतो. उंची-रुंदी मोजावी, चौकटी किती ते मोजावे, बाजूच्या कडेला बांगड्यांचा हात आहे का ते पाहावे, आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा एखाद्या इतिहास मंडळाला कळवावे.

आणि दगड तीनच चौकटींऐवजी दोनच चौकटींचा दिसला, तर तो तेवढाच आहे असे समजू नये. शेकडो वर्षांत गावची जमीन वर आलेली असते. वर कलश, त्याखाली शिवलिंग आणि अप्सरा एवढेच दिसते, आणि माणूस कशाने मेला ते सांगणारा टप्पा मातीत असतो.